शेठ कस्तुरभाई लालभाई : कायदेमंडळ, गिरणी आणि पेढी

राज्यकारभार, व्यापार आणि धर्म या तिन्ही क्षेत्रांत सारख्याच अधिकाराने वावरणाऱ्या श्रावकांची परंपरा जैन समाजाला नवी नाही. आबूवर विमलवसही उभारणारे विमल शहा हे सोळंकी राजाचे मंत्री होते. लूणवसही उभारणारे वस्तुपाल-तेजपाल हे धोळक्याच्या वाघेला राजवटीचे मंत्री होते. विसाव्या शतकात ही परंपरा ज्यांनी पुढे नेली, त्यांत अहमदाबादचे शेठ कस्तुरभाई लालभाई यांचे नाव अग्रभागी येते. गिरणीमालक, मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद आणि शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख अशा तीन नात्यांनी त्यांनी सार्वजनिक जीवन व्यतीत केले. मंत्रीश्वरांनी मंदिरे उभारली, कस्तुरभाईंनी ती सांभाळली. उभारण्याइतकेच सांभाळणेही पुण्याचे आणि पुष्कळदा अधिक कष्टाचे असते, हा त्यांच्या चरित्राचा बोध आहे.

घराणे आणि बालपण

कस्तुरभाईंचा जन्म १९ डिसेंबर १८९४ रोजी अहमदाबाद येथे ओसवाल श्वेतांबर मूर्तिपूजक कुटुंबात झाला. सतराव्या शतकातील सुप्रसिद्ध जवाहिऱ्या आणि अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी हे त्यांचे पूर्वज होत. मोगल दरबारी जवाहिरांचा व्यापार करणाऱ्या शांतिदासांनी शत्रुंजय तीर्थाच्या रक्षणासाठी बादशाही फर्माने मिळवली होती. व्यापारातून मिळालेली प्रतिष्ठा तीर्थाच्या कामी लावण्याचा हा वारसा कस्तुरभाईंना घरातूनच लाभला.

वडील लालभाई दलपतभाई यांनी घराण्याचा ओघ सावकारीकडून गिरणी उद्योगाकडे वळवला. १९१२ मध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले. त्या वेळी कस्तुरभाई नुकतेच मॅट्रिक होऊन गुजरात कॉलेजात दाखल झाले होते. वय अवघे सतरा वर्षांचे. शिक्षण सोडून रायपूर मिलचा कारभार हाती घेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. कापसाची पारख आणि खरेदी ही गिरणीधंद्याची खरी किल्ली आहे हे त्यांनी लवकर ओळखले आणि ती विद्या प्रत्यक्ष बाजारात शिकून घेतली. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिल्याची खंत त्यांच्या मनात होती की नव्हती, हे त्यांच्या पुढील विद्यादानावरून ज्याचे त्याने ठरवावे.

उद्योगाचा विस्तार

पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये अशोक मिलची स्थापना झाली. पुढे अरुणा, नूतन या गिरण्या आल्या. १९३१ मध्ये कस्तुरभाई, नरोत्तमभाई आणि चिमणभाई या बंधूंनी अरविंद मिल स्थापन केली. जगभर मंदी पसरलेली असतानाचा हा निर्णय होता. तलम कापड परदेशातूनच यावे लागते ही समजूत खोटी ठरवायची, तर तसे कापड येथेच निघाले पाहिजे, हा त्यामागील विचार. स्वदेशीच्या चळवळीला केवळ घोषणा पुरत नाहीत, माल लागतो, हे त्यांनी जाणले होते.

स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, म्हणजे १९४७ मध्ये, वलसाडजवळ अतुल कंपनीची स्थापना झाली. कापडासाठी लागणारे रंग तोवर बहुतांशी परदेशांतून येत. ते रंग आणि रसायने देशात तयार करण्यासाठी अमेरिकन सायनामिड कंपनीचे सहकार्य घेण्यात आले. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते या कारखान्याचे उद्घाटन झाले.

कायदेमंडळातील कार्य

१९२३ मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांचे प्रतिनिधी म्हणून कस्तुरभाई दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. वय एकोणतीस वर्षांचेही नव्हते. याच निवडणुकीतून मोतीलाल नेहरूंच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्ष सभागृहात आला होता आणि सरकारला प्रत्येक प्रश्नावर जाब विचारला जात होता.

त्या काळी देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात होती. लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी मालाची स्पर्धा जाचू नये, यासाठी १८९६ पासून ती या दराने वसूल केली जात असे. आपल्याच देशात, आपल्याच कापसाचे, आपल्याच माणसांनी विणलेले कापड परक्यांच्या सोयीसाठी महाग करायचे, असा हा प्रकार होता. कस्तुरभाईंनी या जकातीचा प्रश्न सभागृहात लावून धरला. लोकमत आणि सभागृहातील बहुमत एकवटूनही सरकार दीर्घकाळ हलले नाही.

१९२५ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली आणि गिरणगावात मोठा संप झाला. डिसेंबरमध्ये सरकारने जकात स्थगित केली, तेव्हाच कपात मागे घेण्यात आली आणि कामगार कामावर परतले. १९२६ मध्ये जकात कायमची रद्द झाली. दिल्लीच्या सभागृहातील एका कराचा परळ-लालबागच्या चुलीशी किती जवळचा संबंध असतो, हे त्या वर्षी मुंबईने अनुभवले.

१९२६ नंतर कस्तुरभाईंनी कायदेमंडळाचे राजकारण पुढे चालवले नाही. मात्र सार्वजनिक जबाबदाऱ्या वाढतच गेल्या. १९३४-३५ या वर्षी ते भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्ष होते. १९३७ ते १९४९ या काळात ते रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळावर होते. फाळणीमुळे कराची बंदर पाकिस्तानात गेले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर नवे मोठे बंदर कोठे करावे हे ठरवण्यासाठी १९४८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या समितीने कच्छमधील कांडल्याची निवड केली.

कामगारांचा प्रश्न

अहमदाबादेत मालक आणि कामगार यांच्यातील तंटे लवादाने मिटवण्याची प्रथा १९१८ च्या लढ्यानंतर महात्मा गांधींनी रुजवली होती. १९३६ मध्ये मालकांनी वेतनकपातीची मागणी केली, तेव्हा कामगारांच्या बाजूने गांधीजी आणि मालकांच्या बाजूने कस्तुरभाई असे दोन लवाद होते. दोघांचे एकमत झाले नाही. प्रकरण सरपंच या नात्याने सर गोविंदराव माडगावकर यांच्याकडे गेले आणि निर्णय मालकांच्या विरुद्ध लागला. येथे कस्तुरभाईंची बाजू हरली, हे लपवण्याचे कारण नाही. ज्यांना आपण मानतो त्यांच्यासमोरही आपले मत स्पष्ट मांडावे, हा बाणा त्यातून दिसतो. मतभेद असूनही स्नेहाला तडा गेला नाही, हेही तितकेच लक्षणीय आहे.

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात अहमदाबादच्या गिरण्या सुमारे साडेतीन महिने बंद राहिल्या. युद्धकाळात कापडाला अमाप मागणी होती आणि चालू गिरणी म्हणजे रोजचा नफा होता. अशा वेळी गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्याला कस्तुरभाईंची मूक संमती होती.

पालिताण्याचा यात्रात्याग

आणंदजी कल्याणजी पेढी ही देशातील सर्वांत जुन्या जैन संस्थांपैकी एक आहे. देशभरातील संघांचे प्रतिनिधी तिच्या कारभारात असतात. सुमारे पन्नास वर्षे कस्तुरभाईंनी पेढीची धुरा वाहिली. या काळातील पहिलीच परीक्षा अतिशय कठीण होती.

शत्रुंजयाच्या यात्रेसंबंधी पालिताणा संस्थानशी १८८६ मध्ये करार झाला होता. दरसाल पंधरा हजार रुपये संस्थानास द्यावेत आणि यात्रेकरूंवर कर नसावा, असे ठरले होते. चाळीस वर्षांची ही मुदत ३१ मार्च १९२६ रोजी संपली. संस्थानने यात्रेकरूंवर माणशी कर बसवण्याचा आग्रह धरला. संघापुढे दोन मार्ग होते. कर देऊन यात्रा चालू ठेवावी, किंवा यात्राच थांबवावी.

संघाने दुसरा मार्ग पत्करला. १ एप्रिल १९२६ पासून शत्रुंजयाची यात्रा बंद झाली. ज्या तीर्थाचे एकदा तरी दर्शन घडावे अशी प्रत्येक श्रावकाची आस असते, त्या गिरिराजाच्या पायऱ्या दोन वर्षांहून अधिक काळ ओस पडल्या. कित्येक वृद्धांची आयुष्यातील शेवटची यात्रा या काळात राहून गेली असेल. तरीही संघ एकजुटीने थांबला. या निग्रहामागे कोणतेही शस्त्र नव्हते, होता तो केवळ त्याग. एकीकडे समाजाला धीर देणे आणि दुसरीकडे ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे कराराचा आणि हक्काचा मुद्दा काटेकोरपणे मांडणे, अशी दुहेरी जबाबदारी पेढीवर होती. कायदेमंडळात मिळालेला अनुभव येथे कामास आला. अखेर मे १९२८ मध्ये सिमला येथे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने समेट झाला. पस्तीस वर्षांसाठी दरसाल साठ हजार रुपये एकरकमी देण्याचे ठरले, माणशी कराचा आग्रह सुटला आणि यात्रा पुन्हा सुरू झाली. रक्कम चौपट झाली, हे खरे. पण यात्रेकरूची मोजदाद होऊन त्याच्याकडून पैसे घेतले जाण्याचा प्रसंग टळला. १९४८ मध्ये पालिताणा संस्थान सौराष्ट्रात विलीन झाले.

जीर्णोद्धार

कस्तुरभाईंचे सर्वांत चिरस्थायी कार्य जीर्णोद्धाराचे होय. राणकपूरचे धरणविहार हे पंधराव्या शतकातील मंदिर धरणाशहा यांनी दीपा नावाच्या शिल्पीकडून घडवून घेतले. १,४४४ स्तंभांसाठी प्रसिद्ध असलेले हे मंदिर काळाच्या ओघात जीर्ण आणि दुर्लक्षित झाले होते. पेढीने १९३० च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि तो दीर्घकाळ चालला. स्वातंत्र्यानंतर आबूच्या देलवाडा मंदिरांच्या जीर्णोद्धारालाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. नवा दगड जुन्या दगडाशी मिळताजुळता असावा, कोरीवकाम पिढीजात सोमपुरा शिल्पींकडूनच व्हावे, आणि मूळ शिल्पावर आपली हौस लादू नये, ही त्यांची दृष्टी होती.

शत्रुंजयावर ही दृष्टी कसोटीला लागली. आदीश्वर भगवंतांच्या मुख्य मंदिराभोवती पुढील काळात अनेक लहान देवळ्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्याआड मूळ शिल्प झाकले गेले होते. त्या काढायच्या, तर त्यांतील शेकडो प्रतिमा हलवाव्या लागणार. श्रद्धेचा प्रश्न असल्याने हे काम नाजूक होते. प्रतिमांसाठी गिरिराजावरच नवे जिनालय उभारण्यात आले आणि १९७६ मध्ये त्यांची विधिपूर्वक प्रतिष्ठा झाली. मूळ मंदिराचे सौंदर्य मोकळे झाले आणि प्रतिमांची आशातनाही झाली नाही.

विद्यादान

१९३६ मध्ये गणेश वासुदेव मावळंकर आणि अमृतलाल हरगोविंददास यांच्यासह त्यांनी अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले मावळंकर आणि कस्तुरभाई यांच्या सहकार्यातून त्या शहराचे शैक्षणिक रूप पालटले. १९४८ मध्ये वडिलांच्या नावाने सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी पंचवीस लाख रुपयांची देणगी दिली गेली. डॉ. विक्रम साराभाई यांच्यासमवेत वस्त्रोद्योग संशोधनाची ‘अटिरा’ ही संस्था उभी राहिली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

जैन विद्येच्या दृष्टीने मात्र लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराचे मोल वेगळेच आहे. आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी यांनी आयुष्यभर जमवलेल्या हजारो हस्तलिखितांचा संग्रह या संस्थेला लाभला. पंडित दलसुखभाई मालवणिया यांच्यासारखे विद्वान तिचे संचालक झाले. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी या संस्थेच्या वास्तूची रचना केली. बंद पेट्यांत वाळवीच्या भयाने पडून राहिलेली पोथी अभ्यासकाच्या हाती पडली, हा देखील एक जीर्णोद्धारच होय.

विश्वस्त या शब्दाचा अर्थ

१९६९ मध्ये भारत सरकारने कस्तुरभाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. २० जानेवारी १९८० रोजी त्यांचे निधन झाले. गिरणीत भागधारकांचा पैसा, कायदेमंडळात मतदारांचा विश्वास आणि पेढीत संघाचे द्रव्य, असे तीन ठिकाणी त्यांनी परक्याचे धन सांभाळले. सभागृहात त्यांनी जकातीतील अन्याय आकड्यांनी दाखवला. तीर्थावर एकेका दगडाची पारख केली.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी अशा चरित्राचे स्मरण विशेष उचित ठरते. संस्था स्थापन करणाऱ्यांची नावे कोनशिलेवर कोरली जातात. ती पन्नास वर्षे चालवणाऱ्यांची नावे बहुधा वह्यांत आणि हिशेबांतच राहतात. परंतु देवद्रव्याची प्रत्येक पै ज्या कारणासाठी आली त्याच कारणी लागली, आणि हाती आलेली वास्तू पुढील पिढीला अधिक चांगल्या स्थितीत सोपवली, एवढे ज्यांना सांगता येते त्यांनी शेठ कस्तुरभाईंची परंपरा खऱ्या अर्थाने पुढे नेली, असे म्हणावे लागेल.