जुन्या जीपला मागची सीट बसवताय? आधी खालचा पत्रा तपासा

ग्रामीण भागात पंधरा-वीस वर्षे चाललेली बोलेरो, मार्शल, कमांडर, जुनी थार किंवा जिप्सी आजही रोजच्या कामात आहे. इंजिनाचं काम करून गाडी पुन्हा उभी राहते, पण मागची सीट तोवर पार गेलेली असते. फोम बसलेला, रेक्झिन फाटलेलं, सांगाडा हलणारा. मग जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीची सीट आणायची, चार भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे आणि गाडी रस्त्यावर काढायची, असं सर्रास होतं. याच सीटवर पुढे घरातली पोरं आणि म्हातारी माणसं बसणार असतात. त्यामुळे सीट बदलताना काय पाहावं, याची ही माहिती.

आडवी बाकडी आणि पुढे तोंड असलेली सीट

जुन्या जीप, जिप्सी आणि २०१० साली आलेल्या थारमध्ये मागे समोरासमोर तोंड असलेली दोन बाकडी असतात. बोलेरोच्या अनेक मॉडेलमध्ये तिसऱ्या रांगेत हीच पद्धत आहे. जास्त माणसं बसतात, बाकडं उचललं की पोती ठेवता येतात, म्हणून गावाकडे ती सोयीची वाटतात.

मात्र समोरून धडक बसली की आडवा बसलेला माणूस बाजूला फेकला जातो. त्याला अडवायला पाठ नसते आणि डोक्याला आधारही नसतो. अशा बाकड्याला कमरेचा पट्टा लावला तर माणूस गाडीबाहेर फेकला जाण्याचा धोका कमी होतो, पण डोकं व मान वाचेलच असं नाही. खांद्यावरून तिरका येणारा पट्टा आडव्या बाकड्याला लावू नये, तो मानेत अडकू शकतो. लहान मुलांची वेगळी सीटही आडव्या बाकड्यावर बसवता येत नाही. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारला पुढे तोंड असलेली मागची सीट मिळाली, त्यामागे सुरक्षेचाही विचार आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

फाटलेली सीट काढून त्याच मॉडेलची, तेवढीच माणसं बसणारी सीट त्याच जागी लावणं ही दुरुस्ती झाली. चार जणांची आडवी बाकडी काढून दोन-तीन जणांची सीट लावली, किंवा मागे जादा रांग वाढवली, तर आसनसंख्या बदलते. असं काम काढण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. नंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवताना गाडी तपासली जाते, तेव्हा हा बदल अडचणीचा ठरू शकतो. अपघातानंतर विम्याचा दावा अडकण्याचीही शक्यता असते.

सीटवर किती जोर येतो

गाडी ताशी ५० किलोमीटरने जाऊन धडकली आणि पाऊण मीटरच्या आत थांबली, तर ६० किलोच्या माणसाचा जोर ८०० किलोच्या आसपास जातो. पट्टा सीटलाच जोडलेला असेल आणि सीटवर तिघं असतील, तर दोन टनांहून जास्त ओढ थेट सीटच्या बोल्टवर येते. गंजलेला पत्रा ती सहन करत नाही. बोल्ट शाबूत राहतो, पण भोकाभोवतीचा पत्रा फाटून सीट माणसांसकट पुढे येते.

काम करताना

१. आधी मॅट काढून फ्लोअर मोकळा करावा. पाण्याने, शेणखताने, खताच्या पोत्यांनी मागचा पत्रा खाल्लेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावं. पत्रा आत गेला तर आधी कुजलेला भाग कापून नवा जाड पत्रा वेल्डिंग करून घ्यावा. नुसता रंग किंवा डांबर मारून भागत नाही.

२. शक्यतो कंपनीने दिलेल्या मूळ भोकांतच सीट बसवावी. तिथे खालून पट्टी किंवा चॅनेल असतं. दुसऱ्या मॉडेलची सीट असेल तर पायांचं अंतर मापूनच ती विकत घ्यावी.

३. नवं भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली शिरून पाहावं. डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठून गेलं आहे, हे कळल्याशिवाय ड्रिल चालवू नये. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढावी. टाकीजवळ वेल्डिंग टाळावं.

४. फक्त वायसर लावून बोल्ट आवळू नये. पत्र्याच्या खालून साधारण ७५ बाय ५० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी प्रत्येक बोल्टला द्यावी. पट्टीचे कोपरे घासून गोल करावेत, नाहीतर तेच पत्रा कापतात.

५. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेला असावा. भंगारातले, आटे गेलेले किंवा वेल्डिंग केलेले बोल्ट नकोत. नट नायलॉकचे घ्यावेत, म्हणजे खडखडाटाने सुटत नाहीत.

६. फ्लोअरमधून लांब बोल्ट घालून सीट थेट चेसीला आवळू नये. बॉडी आणि चेसीच्या मध्ये रबर असतं, खराब रस्त्यावर दोन्ही वेगवेगळे हलतात. त्यात बोल्ट ढिला होतो आणि पत्रा चिरतो.

७. भोकाच्या कडांना आणि पट्टीला गंजरोधक रंग लावावा. नाहीतर दोन पावसाळ्यांत तीच जागा पुन्हा कुजते.

पट्ट्याकडे दुर्लक्ष नको

पुढे तोंड असलेली सीट बसवली आणि पट्टा लावला नाही, तर काम अर्धंच झालं. पट्ट्यासाठी जगभर बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची खास बोल्ट वापरतात. दुकानात 'सीट बेल्टचा बोल्ट' म्हणूनच मागावा, साधा बोल्ट चालवून घेऊ नये. अपघातग्रस्त गाडीतला पट्टा वापरू नये. एकदा मोठा झटका खाल्लेला पट्टा वरून धड दिसला तरी आतून ताणलेला असतो. कडा उसवलेला, लाटा पडलेला किंवा लवकर गुंडाळला न जाणारा पट्टाही बाद करावा.

गाडीत पट्टे दिलेले असतील तर पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या माणसांनीही ते लावणं बंधनकारक आहे. न लावल्यास कायद्यात एक हजार रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. ती गाडी महागडी आणि भक्कम होती.

गाडी ताब्यात घेण्याआधी

- दोन माणसांनी सीट पुढे-मागे जोरात ओढून पाहावी. पाय किंवा फ्लोअर जराही हलता कामा नये.
- दुमडणारी सीट असेल तर पाठ आणि बैठक दोन्हीचं लॉक 'खट' आवाज करून बसतं का, ते पाहावं.
- गाडीखाली जाऊन प्रत्येक बोल्टला पट्टी आहे का, हे मालकाने स्वतः पाहावं. कामाचे फोटो आणि बिल जपून ठेवावं.
- शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा आवळून घ्यावेत. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला आणि पावसाळा संपल्यावर एकदा खालून नजर टाकावी.

रेक्झिनचा रंग आणि कव्हर नंतरही बदलता येतं. पत्रा, पट्टी, बोल्ट आणि बेल्ट ही चार कामं मात्र पहिल्याच दिवशी नीट झाली पाहिजेत. गॅरेजवाला घाई करत असेल तर गाडी एक दिवस जास्त तिथेच राहू द्यावी.