हॅलेचा रोजनामा

१४ मार्च १९८६ च्या पहाटे, भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे ५ वाजून ३३ मिनिटांनी, युरोपीय अवकाश संस्थेचे ‘जिओटो’ हे यान हॅलेच्या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरून निघून गेले. योगायोग असा, की त्याच घटकेला महाराष्ट्राच्या आकाशात तो धूमकेतू आग्नेयेकडे, धनु-मकर राशींच्या परिसरात, चांगला वर आलेला होता आणि पूर्वेकडे उजाडायला नुकती कोठे सुरुवात होत होती. तेव्हा त्या पहाटे ज्या कोणी एखाद्या माळावरून किंवा गडाच्या माचीवरून आपली द्विनेत्री दुर्बीण तिकडे रोखली असेल, त्याच्या दृष्टीपुढे तो अंधुक पुंजका आणि त्याला भेटायला गेलेले, पण कोणत्याही दुर्बिणीला न दिसणारे ते यान, ही दोन्ही एकाच जागी होती. यानाचा संदेश चौदा कोटींहून अधिक किलोमीटरचे अंतर तोडून आठ मिनिटांनी पृथ्वीवर पोचला. या भेटीचे वर्णन पुष्कळ झाले आहे. परंतु यानाची भेट काही तासांची होती, आणि धूमकेतूचा मुक्काम वर्षाहून अधिक काळाचा होता. त्या सबंध मुक्कामाचा रोजनामा ज्यांनी ठेवला, त्यांतले पुष्कळजण पगारी ज्योतिर्विद नव्हते. त्यांची हकीकत यानाच्या हकीकतीइतकीच सांगण्याजोगी आहे, असे माझे मत आहे.

हॅलेच्या धूमकेतूशी हौशी माणसाचा संबंध मुळापासूनचा आहे. एडमंड हॅले याने १७०५ मध्ये या धूमकेतूच्या पुनरागमनाचे भाकीत छापले आणि ते खरे ठरण्यापूर्वीच तो निवर्तला. पुढे क्लेरो, लालांद आणि श्रीमती लपोत यांनी पॅरिसमध्ये महिनोन्‌महिने गणिते करून, गुरू व शनी यांच्या आकर्षणामुळे होणारा विलंब हिशेबात धरला आणि १७५९ च्या एप्रिलचा मध्य ही उपसूर्य बिंदूची, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची, वेळ काढली. पॅरिसमधून ज्योतिर्विद मेसिए शोध घेतच होता. मात्र तो धूमकेतू प्रथम दिसला ड्रेस्डेनजवळच्या प्रोलिस या खेड्यातील योहान गेओर्ग पालिच नावाच्या शेतकऱ्याला, २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री. पालिच शेती करीत करीतच गणित व ज्योतिष शिकला होता आणि स्वतःच्या दुर्बिणीतून नेमाने आकाश पाहत होता. त्यामुळे त्याच्या शोधाला नशिबाचा खेळ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. मेसिएला तोच धूमकेतू जवळजवळ महिन्याने, १७५९ च्या जानेवारीत, दिसला. न्यूटनच्या नियमांना मिळालेल्या या मोठ्या दाखल्यावर पहिली साक्ष एका शेतकऱ्याची आहे.

१८३५ ची फेरी येथे सोडून देतो. १९१० साली मात्र हा धूमकेतू अत्यंत दिमाखाने आला, पृथ्वी त्याच्या पुच्छातून जाणार या वार्तेने लोक भयभीत झाले, आणि त्याच वर्षी यशोर येथील सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र या बंगाली गृहस्थाने साध्या द्विनेत्रीने त्याचे वेध घेतले. या नादातून त्यांनी पुढे तीन इंची दुर्बीण घेतली, रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाची पस्तीस हजारांहून अधिक निरीक्षणे अमेरिकेतील निरीक्षकसंघाकडे धाडली, आणि त्या संघाने १९२६ मध्ये त्यांना एक सहा इंची दुर्बीण पाठविली. तीच दुर्बीण कालांतराने ज्योतिर्विद वेणू बाप्पू यांच्याकडे आली. बाप्पूंनी स्वतः १९४९ मध्ये हार्वर्ड येथे विद्यार्थी असताना एक धूमकेतू शोधला होता. आणि कावळूरच्या मोठ्या दुर्बिणीला त्यांचे नाव देण्याचा समारंभ झाला तो ६ जानेवारी १९८६ रोजी, म्हणजे हॅलेचा धूमकेतू पुन्हा आकाशात असतानाच. खजिन्यातल्या एका नोकराचा छंद कोठवर पोचतो, याचे याहून उत्तम उदाहरण आपल्या देशात मला ठाऊक नाही.

१९१० मध्ये पाहणारे डोळे पुष्कळ होते, उणीव होती ती दफ्तराची. वेधशाळावेधशाळांत छायाचित्रे, रेखाटने आणि टिपणे विखुरलेली राहिली, त्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि निकोलस बोब्रोव्हनिकॉफ याने ती सारी सामग्री एकत्र करून तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला तो १९३१ मध्ये, तोपर्यंत धूमकेतू केव्हाच दूर निघून गेला होता. ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून १९८६ च्या फेरीच्या वेळी धूमकेतू येण्यापूर्वीच ‘आंतरराष्ट्रीय हॅले वॉच’ ही व्यवस्था उभारण्यात आली. तिचे एक मुख्य ठाणे रे न्यूबर्न यांच्याकडे कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे होते आणि दुसरे युर्गेन राहे यांच्याकडे जर्मनीतील बाम्बर्ग येथे. या व्यवस्थेत हौशी निरीक्षकांचा विभाग इतर शास्त्रीय विभागांच्या बरोबरीने ठेवला होता आणि तो स्टीफन एडबर्ग यांच्याकडे सुपूर्त केला होता. एडबर्ग यांनी १९८३ मध्ये हौशी लोकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका सिद्ध केली. डोळ्यांनी वेध घेणे, छायाचित्रण, स्थाननिश्चिती, वर्णपट, प्रकाशमापन आणि उल्कांची मोजणी अशा सहा शाखा तिच्यात सविस्तर समजावल्या होत्या. उल्का अशासाठी, की मे महिन्यातला व ऑक्टोबरातला असे दोन उल्कावर्षाव याच धूमकेतूने सांडलेल्या धुळीचे आहेत. १९८४ च्या वसंतात क्रॉमेलिनच्या लहानशा धूमकेतूवर या साऱ्या बंदोबस्ताची रंगीत तालीमही करण्यात आली.

डोळ्यांनी धूमकेतूची प्रत, म्हणजे त्याच्या तेजाची पायरी, ठरविणे हे काम ऐकायला सोपे आणि करायला कठीण आहे. तारा बिंदुवत असतो, धूमकेतू पसरट. मग दोहोंची तुलना करायची कशी? सिजविकच्या नावाने ओळखली जाणारी रीत अशी : धूमकेतू दुर्बिणीत स्पष्ट असताना त्याच्या पुंजक्याचे सरासरी तेज मनात पक्के धरायचे, मग नेत्रभिंग सरकवून आसपासचे ज्ञात प्रतीचे तारे त्याच आकाराच्या अस्पष्ट चकत्यांएवढे पसरू द्यायचे, आणि त्यांतील कोणता त्या स्मरणातल्या तेजाशी जुळतो ते ठरवायचे. बोब्रोव्हनिकॉफच्या रीतीत धूमकेतू व तारे दोन्ही अस्पष्ट करून तुलना करतात. त्याआधी डोळ्यांना अर्धा तास काळोखाची सवय द्यावी लागते, टिपण लिहायचे ते लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात, आणि फिकट पुच्छाचा माग काढायचा तर नजर थोडी तिरकी ठेवावी लागते, कारण नेत्रपटलाचा कडेचा भाग मंद प्रकाशाला अधिक जागा असतो. रात्र, वेळ, दुर्बीण, आकाशाची स्थिती, क्षितिजापासूनची उंची हा सर्व तपशील छापील तक्त्यात भरायचा. एकाच्या नोंदीत चूक राहतेच. परंतु निरनिराळ्या रेखांशांवरचे शेकडो लोक एकाच रीतीने पाहू लागले, म्हणजे त्या चुका एकमेकींना छेद देतात आणि धूमकेतूच्या तेजाचा चढउतार स्वच्छ उमटतो. एका देशात उजाडले तरी दुसऱ्या देशात रात्र असतेच, त्यामुळे या रोजनाम्यात फारसा खंड पडत नाही. कोणत्याही एका वेधशाळेला, ती कितीही श्रीमंत असली, तरी हे साधत नाही.

माणसाची दृष्टी किती ताणता येते याचाही दाखला या फेरीने दिला. पॅलोमारच्या पाच मीटरच्या दुर्बिणीने १६ ऑक्टोबर १९८२ रोजी हा धूमकेतू इलेक्ट्रॉनिक संवेदकावर टिपला होता. प्रत्यक्ष डोळ्यांनी तो प्रथम पाहिला स्टीफन ओमेरा यांनी, जानेवारी १९८५ मध्ये, हवाईतील मौना केआच्या विरळ हवेत चोवीस इंची दुर्बिणीतून, तो विसाव्या प्रतीच्या जवळपास असताना.

मार्च १९८६ मध्ये यानांचा ताफा धूमकेतूपाशी पोचला. सोव्हिएत ‘व्हेगा-१’ ६ तारखेस आणि ‘व्हेगा-२’ ९ तारखेस आठ-नऊ हजार किलोमीटरवरून गेले. जपानची ‘सुइसेइ’ व ‘साकिगाके’ अधिक लांबून गेली. ‘जिओटो’ सर्वांत शेवटी. धूमकेतू सूर्याभोवती ग्रहांच्या उलट दिशेने फिरत असल्याने ही भेट समोरासमोरची होती आणि तिचा वेग सेकंदाला ६८ किलोमीटर एवढा भयंकर होता. अडचण अशी, की पृथ्वीवरून दिसतो तो धूमकेतूचा प्रकाशमान पुंजका. गाभा त्याच्या आत धुळीने झाकलेला असतो, आणि पुंजक्याचा तेजस्वी बिंदू नेमका गाभ्यावरच असेल याची खात्री नसते. म्हणून पृथ्वीवरून घेतलेल्या हजारो स्थाननोंदींवरून कक्षा काढली तरी शेकडो किलोमीटरांची अनिश्चिती उरत होती. ‘व्हेगा’ यानांच्या कॅमेऱ्यांनी गाभ्याची दिशा टिपली, अमेरिकेच्या रेडिओ दुर्बिणींनी त्या यानांची स्थाने मोजली, आणि ती माहिती सोव्हिएतांनी तत्काळ डार्मस्टाट येथील नियंत्रण केंद्रास दिल्यामुळे अनिश्चिती चाळीसेक किलोमीटरांवर आली. शीतयुद्धाच्या काळात घडलेले हे सहकार्य मला त्या छायाचित्रांइतकेच मोलाचे वाटते.

‘जिओटो’चे नाव ज्या चित्रकारावरून ठेवले, त्याने १३०१ मधील हॅलेच्या आगमनानंतर थोड्याच वर्षांत पादुआच्या प्रार्थनामंदिरात बाळ ख्रिस्ताच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या चित्रात धूमकेतू रंगविला होता. या यानाला सर्वांत जवळच्या क्षणापूर्वी काही सेकंद धुळीच्या एका कणाचा असा तडाखा बसला, की त्याची स्वतःभोवतीची गिरकी डगमगली, संदेश अर्धा तास तुटकतुटक येत राहिला आणि कॅमेरा कायमचा निकामी झाला. तोवर मिळालेल्या चित्रांत मात्र सुमारे १५ किलोमीटर लांबीचा, ओबडधोबड, कोळशाहून काळा गाभा आणि सूर्याकडच्या बाजूने उसळणारे धुळीचे फवारे दिसले होते. धूमकेतूला बर्फ व धूळ यांचा घन गाभा असतो हे फ्रेड व्हिपल यांचे १९५० चे अनुमान त्यामुळे निर्विवाद ठरले.

आता प्रश्न असा, की गाभा इतक्या जवळून पाहिल्यावर हौशी माणसाच्या तक्त्याचे काय मोल उरले? उत्तर असे, की यानांनी आठवड्याभरात जे पाहिले, ते त्या धूमकेतूचे नित्याचे वर्तन होते की अपवादाचे, हे यानांना सांगता येत नाही. त्या दिवसांत तेज चढते होते की उतरते, वायूचे पुच्छ त्या महिन्यांत किती वेळा तुटून पुन्हा वाढले, हे दूरवरून आणि सतत पाहणाऱ्यालाच कळते. यानाने मोजलेले चुंबकीय क्षेत्र आणि एखाद्या हौशी छायाचित्रकाराने रुंद भिंगातून टिपलेले तुटलेले पुच्छ, ही एकाच खटल्यातली दोन साक्षीपत्रे आहेत. पुढे ‘हॅले वॉच’ने जे दफ्तर संगणकाच्या तबकड्यांवर जतन केले, त्यात हौशी निरीक्षणांनाही जागा मिळाली, हे योग्यच झाले.

आपल्याकडे पाहणाऱ्यांच्या पदरी ती फेरी तशी कृपणच पडली. धूमकेतू सूर्याजवळ होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूस होती, त्यामुळे दोन हजार वर्षांतील सर्वांत फिके दर्शन याच वेळी घडले. नोव्हेंबरात कृत्तिकांजवळून जाताना तो द्विनेत्रीत सापडे, आणि एप्रिलमध्ये पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तेव्हा मुंबईहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम चोवीस-पंचवीस अंश चढे. शहराच्या उजेडात त्याचा मागमूस लागत नसे. शेंडेनक्षत्र पाहायचे तर गावाबाहेर जाणे प्राप्तच होते. तरीही पुण्यात १९४४ पासून चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या मंडळींना त्या हंगामाने नवा हुरूप दिला, आणि मुंबईचे खगोल मंडळही त्याच सुमाराचे आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचाराचा अध्याय लिहिला तो मुख्यतः शुभाशुभ फळांसाठी. त्याच आकाशाकडे पाहून प्रत आणि वेळ टिपणारी मुले या हंगामांतून तयार झाली, याला मी मोठे परिवर्तन समजतो.

‘जिओटो’ची कथा हॅलेपाशी संपली नाही. १९९० मध्ये पृथ्वीच्या आकर्षणाचा उपयोग करून त्याची वाट वळविण्यात आली आणि १० जुलै १९९२ रोजी ते, कॅमेरा आंधळा असतानाही, ग्रिग-श्येलेरुप या धूमकेतूपासून सुमारे २०० किलोमीटरांवरून गेले. हा धूमकेतू १९०२ मध्ये न्यूझीलंडमधील टेम्स गावच्या जॉन ग्रिग या संगीतशिक्षकाने आणि १९२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तारखात्यात नोकरी करणाऱ्या श्येलेरुप या ऑस्ट्रेलियनाने शोधलेला होता. तसेच ४ जुलै २००५ रोजी ‘डीप इम्पॅक्ट’ मोहिमेने ज्या टेम्पेल-१ धूमकेतूवर तांबे भरलेले आघातयान आदळविले, तो १८६७ मध्ये मार्सेय येथे विल्हेल्म टेम्पेल या शिळाछापाच्या कारागिराला सापडला होता. आणि त्या मोहिमेने आदळण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून लहान दुर्बिणींच्या निरीक्षकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आखून, धूमकेतूच्या धुळीची व तेजाची मोजमापे त्यांच्याकडून रीतसर मागविली होती.