पटावरची मुलं, वर्गातली मुलं

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आहे शाळेतलं रजिस्टर. तेच ते, लाल कापडी पाठीचं, हेडमास्तरांच्या कपाटातलं.

सध्या आमच्या टीमकडे एका शिक्षणसंस्थेचं काम आहे. संस्थेच्या आधी तीन शाळा होत्या, आता अकरा आहेत आणि आणखी वाढणार आहेत. पहिल्याच मीटिंगमध्ये साधा प्रश्न निघाला, एकूण विद्यार्थी किती? मुख्य कार्यालयाचा एक आकडा, फी घेणाऱ्या खिडकीचा दुसरा, आणि हजेरीपटांची बेरीज केली तर तिसरा. गंमत म्हणजे कोणीच खोटं बोलत नव्हतं. मग मला वाटलं, हा प्रश्न काही आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नसणार. शोधायला लागलो तर दोनशे वर्षं मागे जाऊन पोचलो.

१८२२ साली मद्रास इलाख्याचा गव्हर्नर होता टॉमस मन्रो. त्याने सगळ्या कलेक्टरांना हुकूम सोडला की आपापल्या जिल्ह्यातल्या शाळा मोजा, त्यात मुलं किती, मुली किती, कुठल्या जातीचे, ते एका ठरावीक तक्त्यात भरून पाठवा. म्हणजे आजच्या भाषेत टेम्प्लेट पाठवलं आणि सगळ्यांनी तेच भरायचं. उत्तरं यायला काही वर्षं गेली. कानडा जिल्ह्याच्या कलेक्टरने तर तक्ता न भरताच खुलासा पाठवून दिला. (असा एक मॅनेजर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतोच!)

१८२६ च्या मार्चमध्ये मन्रोने निष्कर्ष लिहिले. शाळा १२,४९८, विद्यार्थी १,८८,६५०. लोकसंख्या साधारण सव्वा कोटी. महसूल मंडळाने सरळ भागाकार केला आणि म्हटलं, ६७ माणसांत एक जण शिकतोय. मन्रोला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की भागायचं कशाने ते आधी नीट ठरवा. लोकसंख्येत अर्ध्या बायका, आणि त्या काळी मुली शाळेत जवळजवळ नव्हत्याच. शाळेचं वय धरलं पाच ते दहा. त्या वयाचे मुलगे त्याच्या हिशेबाने सुमारे ७,१३,००० आणि शाळेत १,८४,११०. म्हणजे चारात एकाहून थोडे जास्त. त्यात घरी शिकणारी मुलं धरली तर प्रमाण तीनात एकाच्या जवळ जातं.

डेटा तोच, पण एक उत्तर ६७ मध्ये एक आणि दुसरं तीनात एक! आणि घरी शिकणाऱ्यांचं काय? मद्रास शहराच्या कलेक्टरने त्यांचा आकडा दिला २६,९६३, म्हणजे शहरातल्या शाळांमध्ये शिकणाऱ्यांच्या पाचपट. मन्रोने तिथेच लिहून ठेवलं की यात बहुधा काहीतरी चूक आहे. मला हा माणूस इथे आवडला. आकडा वरून आला म्हणून त्याने तो गिळला नाही आणि सोयीचा नाही म्हणून फेकूनही दिला नाही. शंका आकड्याच्या शेजारीच लिहिली.

आता थोडं इंग्लंडला जाऊ. तिथे सरकारी मदत घेणाऱ्या शाळा भराभर वाढल्या आणि खर्चही वाढला. तेव्हा रॉबर्ट लो या मंत्र्याने १८६२ साली नवे नियम आणले, ज्यांना ‘निकालावर पैसे’ म्हणून ओळखतात. सरासरी हजेरीमागे मुलामागे चार शिलिंग. वर्षात दोनशेहून जास्त वेळा हजर राहिलेल्या मुलाची तपासनीस परीक्षा घेणार. वाचन, लेखन, गणित प्रत्येकी दोन शिलिंग आठ पेन्स. नापास झाला की तेवढे पैसे कापले.

ऐकायला काय चूक आहे यात? काम मोजा, दाम द्या. पण झालं काय, तर परीक्षेचं पुस्तक मुलांकडून पाठ करून घ्यायला सुरुवात झाली. आजारी पोरांना परीक्षेच्या दिवशी उचलून आणायचे, कारण पोरगं गैरहजर म्हणजे पैसे गेले. इतिहास, भूगोल मागे पडले, कारण त्याचे पैसे नव्हते. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होता आणि त्याने या पद्धतीवर सातत्याने टीका केली. तरी ती पूर्ण जायला १८९० चं दशक उजाडलं. आकडा हे मोजायचं साधन होतं, ते कमाईचं साधन झालं. तिथून पुढे आकडा शाळेबद्दल कमी आणि अनुदानाबद्दल जास्त सांगायला लागला.

ही कल्पना आपल्याकडेही आली. १८८२ साली हंटर आयोग बसला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याला निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. पण मला त्यातल्या दोन व्यवहारी गोष्टी जास्त भिडल्या. एक, निकालावर पैसे देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित समाजात चालणार नाही, कारण तिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही आणि मास्तराचं पोट त्यावर भरणार नाही. दोन, तपासणी. वर्षातून एकदा साहेब येऊन जातात त्याचा काही उपयोग नाही. शाळा निदान तीन महिन्यांतून एकदा तपासा आणि अधूनमधून आगाऊ न कळवता जा. स्वतः शाळा काढून चालवलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. कळवून आलेल्या साहेबासमोर शाळा कशी दिसते ते आपण सगळ्यांनी बघितलंय की! कुंड्या रंगवलेल्या, पोरं चिडीचूप.

बरं, सगळंच वाईट चाललं होतं असं नाही. आपल्या शाळांमधलं जनरल रजिस्टर ही माझ्या मते फार चांगली रचना आहे. मूल दाखल झालं की त्याला पुढचा नंबर. तो नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत. मूल शाळा सोडून गेलं तरी ओळ खोडत नाहीत, शेवटच्या रकान्यात सोडल्याची तारीख आणि कारण लिहितात. डेटाबेसच्या भाषेत प्रायमरी की आहे, रेकॉर्ड डिलीट होत नाही, आणि बदल कोणी करायचा त्याचेही नियम आहेत. दाखल्यावर छापलेलंच असतं की देणाऱ्या अधिकाऱ्याशिवाय कोणी नोंदीत फेरफार करायचा नाही. कॉलेजात दोन सेमिस्टर घालवून आम्ही जे शिकलो ते गावातल्या हेडमास्तरांना कधीच ठाऊक होतं.

पण त्यातही एक मेख आहे. १ जून! तुमच्या ओळखीत १ जून वाढदिवस असलेली किती माणसं आहेत ते आठवा. आई-बापांना तारीख सांगता येत नव्हती आणि रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. मग मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची, वयाच्या हिशेबात बसणारी तारीख टाकून दिली. ‘माहीत नाही’ असं लिहायला जागाच ठेवली नाही, की डिफॉल्ट व्हॅल्यू हेच सत्य होऊन बसतं. त्यावर पुढे नोकरी लागली आणि त्याच तारखेवर माणूस रिटायरही झाला.

आणि ही रजिस्टरं किती वर्षं पुरतात? २०२३ साली महाराष्ट्रात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला बसली, तेव्हा जी कागदपत्रं चाळली गेली त्यात शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरंही होती, काही मोडीत लिहिलेली. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि अनेक घरांत तो म्हणजे आजोबांची शाळेतली एक ओळ. ती लिहिणाऱ्या मास्तरांच्या मनातही नसेल की आपण पुढच्या तीन पिढ्यांचे कागद लिहितोय. कुठे वाळवी लागली, कुठे पुरात गेलं, तिथे त्या घराचा पुरावाच संपला. बॅकअपचं महत्त्व याहून चांगलं मला कोणाला समजावता येणार नाही.

आता २०११ कडे येऊ. महाराष्ट्रात शिक्षकांची पदं पटावर ठरतात. पट वाढला तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर शिक्षक टिकतो. शिवाय पोषण आहार, गणवेश, पुस्तकं सगळं पटावर. लो साहेबाच्या नियमांचाच हा चुलतभाऊ. नांदेड जिल्ह्यात आधी पडताळणी झाली, त्यात पटावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांत मोठी तफावत निघाली. मग सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला निवडणुकीसारखी शाई लावली. साधारण २० लाख मुलं पटावर होती पण वर्गात सापडली नाहीत.

वीस लाख! फुल्यांनी १८८२ मध्ये सांगितलेली उलटतपासणी करायला आपल्याला जवळजवळ १३० वर्षं लागली.

मात्र यात एक सावधगिरी हवी. न सापडलेलं प्रत्येक मूल बोगस असेलच असं नाही. कोणी आजारी असेल, कोणी नाव झेडपीच्या शाळेत ठेवून इंग्रजी माध्यमात बसत असेल. ऊसतोड कामगाराचं पोर घ्या. सप्टेंबरअखेर ते पटावरही असतं आणि वर्गातही. डिसेंबरमध्ये ते आई-बापाबरोबर फडावर असतं. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त तारखा वेगळ्या आहेत. या मुलाला ‘बोगस’ म्हणून काढून टाकलं तर ते परत येईल तेव्हा त्याचं नावच नसेल. खोटी नावं उडवताना खरं मूल उडू नये, यासाठी डेटा नीट ठेवायचा.

देशपातळीवरही हाच प्रवास दिसतो. १९९० च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर डायस ही माहिती यंत्रणा सुरू झाली, २०१२-१३ पासून ती यू-डायस झाली आणि प्रत्येक शाळेला ११ आकडी क्रमांक मिळाला. पण ती शाळेची बेरीज होती. कुठलं मूल ते वरून दिसत नव्हतं. २०१५ साली महाराष्ट्राने ‘सरल’ आणून मुलागणिक नोंद सुरू केली आणि २०२२-२३ पासून यू-डायस प्लसनेही मुलागणिक माहिती मागवली. २०२१-२२ मध्ये देशातले विद्यार्थी २६ कोटींच्या वर होते, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी. याचा अर्थ तेवढी मुलं शाळेतून पळाली असा लगेच लावू नका, कारण मोजायची पद्धतच बदलली आणि दुहेरी नावं गळली. पण सगळी घट तेवढ्यानेच झाली असंही छातीठोक सांगता येत नाही. मन्रो असता तर त्याने शेजारी शंका लिहून ठेवली असती.

तर सांगायचा मुद्दा असा की शाळा तीनच्या तीस होताना काय सांभाळायचं ते इतिहासातच मिळतं. एका शाळेत हेडमास्तर प्रत्येक पोराला तोंडाने ओळखतात, रजिस्टर चुकलं तरी निभावतं. तीस शाळांत ओळखणारं कोणी नसतं, फक्त ओळ असते. आमच्या संस्थेत प्रत्येक शाळेचं रजिस्टर एकपासून सुरू होतं, त्यामुळे एकत्र केल्यावर ‘४१२ नंबर’ अकरा मुलांचा निघाला. उपाय सोपा होता, शाळेचा क्रमांक आणि रजिस्टर नंबर जोडून नवी की, जुना नंबर तसाच ठेवून. त्याहून अवघड गोष्टी ठरवाव्या लागल्या. ‘विद्यार्थी’ म्हणजे कोण? फी भरलेला, नाव घातलेला, की गेल्या महिन्यात वर्गात दिसलेला? तिन्ही आकडे ठेवा, पण तीन वेगळ्या नावांनी आणि प्रत्येकावर तारीख घालून. ‘माहीत नाही’ हा पर्याय प्रत्येक रकान्यात द्या. आणि हजेरी भरणाऱ्या शिक्षकाचा पगार, बढती त्याच हजेरीवर टांगू नका, नाहीतर तुमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार दिसेल आणि वर्ग रिकामा असेल.

अजून एक. जो माहिती भरतो त्याला तिचा काहीतरी उपयोग झाला पाहिजे. चार दिवस न आलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षिकेला पाचव्या दिवशी मिळाली तर ती हजेरी खरी भरेल, कारण तिला ती यादी हवी असेल. फक्त वर पाठवायची माहिती कशीही भरली जाते. १८२२ लाही तेच झालं होतं.

असो, बरंच लांबलं. जमलं तर या रविवारी कपाटातून तुमचा शाळा सोडल्याचा दाखला काढा आणि वरच्या कोपऱ्यातला रजिस्टर नंबर बघा. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी कपाटात त्या नंबरची एक ओळ अजून असेल. ती ज्यांनी नीट अक्षरात लिहिली त्यांना मनातल्या मनात एक नमस्कार करा. आणि वाढदिवस १ जून असेल तर खरी तारीख घरी विचारून घ्या, सांगणारं कोणी आहे तोवर. :-)