न दुखणारी जखम



गेल्या पावसाळ्यात एका गावात आमच्या गटाची मासिक बैठक होती. हिशेब झाला, चहा ठेवला. चुलीवरचं पातेलं उतरवायला सांडशी सापडेना. तेवढ्यात एक ताई पुढे झाल्या आणि नुसत्या हातांनी पातेलं उचलून खाली ठेवलं. सगळ्याजणी म्हणाल्या, "काय बाई हिचा हात! हिला चटकाच बसत नाही." त्या हसल्या, मीही हसले. नंतर कप हातात घेताना त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला टरारून फोड आले होते, आणि ताईंना त्याचा पत्ताच नव्हता.

त्या ताईंचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, म्हणून सांगते. नाव आणि गाव मात्र सांगणार नाही. आधी आपण हे पाहू, की चटका कळतो कसा आणि माणसाला हे समजायला किती शतकं लागली.

तव्याला बोट लागलं की आपण हात झटकन मागे घेतो. आग होते ती त्यानंतर. असं का? आपल्या कातडीपासून बारीक तंतू निघतात. त्यांना मज्जातंतू म्हणतात. बोटातले तंतू एकत्र येत येत हातातून वर जातात आणि पाठीच्या कण्यात शिरतात. कण्याच्या मणक्यांमधून एक दोरी खाली उतरलेली असते, करंगळीएवढी जाड आणि साधारण दीड फूट लांब. तिचं नाव मज्जारज्जू. तिच्यातून दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या 31 जोड्या बाहेर पडतात आणि अंगभर पसरतात. वरच्या टोकाला ही दोरी मेंदूला जोडलेली असते. मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू मिळून झाली आपली मज्जासंस्था.

चटक्याचा निरोप मज्जारज्जूत पोचला की तिथूनच हाताला हुकूम सुटतो, "मागे हो." मेंदूला कळेपर्यंत हात मागे आलेला असतो. घरात आग लागल्यावर सासूबाईंना विचारायला कोणी थांबत नाही, तसंच हे.

हे आज शाळेच्या पुस्तकात आहे. पण ग्रीस देशातला मोठा पंडित ॲरिस्टॉटल समजत होता, की विचार आणि भावना हृदयात असतात आणि मेंदूचं काम अंग थंड ठेवायचं. आपणही दुःख झालं की छातीवरच हात ठेवतो, तेव्हा त्याला हसायला नको.

सुमारे अठराशे वर्षांपूर्वी रोम शहरात गॅलन नावाचा वैद्य होता. त्याच्याकडे पॉसेनियस नावाचा एक रोगी आला. त्याची करंगळी, अनामिका आणि मधलं बोट अर्धं बधिर झालं होतं. इतर वैद्य बोटांनाच लेप लावत होते आणि गुण येत नव्हता. गॅलनने विचारलं, "कुठे पडला होतास का?" तो रथातून पडला होता आणि पाठीचा वरचा भाग दगडावर आपटला होता. गॅलनने बोटांवरचा लेप पाठीच्या कण्यावर लावायला सांगितला आणि रोगी बरा झाला. बोटाची तक्रार कण्यात असू शकते, हे त्याने ओळखलं होतं. बधिर बोट दिसलं तर त्याच्या तंतूची वाट धरून मागे जायचं, हा त्याचा धडा.

पुढचा मोठा धडा 1822 साली मिळाला. फ्रान्समध्ये माजांदी नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं, की मज्जारज्जूतून निघणाऱ्या प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळं असतात. मागच्या मुळातून संवेदना आत येते आणि पुढच्या मुळातून हालचालीचा हुकूम बाहेर जातो. प्रयोग क्रूर होते आणि त्या काळीही लोकांनी त्यांचा निषेध केला. पण जाणवणं आणि हलवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यातून पक्कं झालं. तिसरं काम आपल्या ध्यानातही येत नाही. घाम आणणं, काळजाची गती कमीजास्त करणं, अन्न पुढे सरकवायला मदत करणं, हे मज्जातंतू आपल्याला न विचारता करत असतात.

आता ज्या रोगाचं नाव घेताना अजूनही आवाज खाली जातो, त्याकडे येऊ. कुष्ठरोग. जुनी माणसं महारोग म्हणत. पूर्वजन्मीचं पाप म्हणत, बोटं झडतात म्हणत आणि माणसाला गावाबाहेर काढत. इंग्रज सरकारने 1898 साली कायदाच केला, की रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात कोंडावं.

त्याआधीच नॉर्वे देशात खरं शोधणं सुरू झालं होतं. तिथे बर्गन गावात हा रोग फार होता. डॅनियलसन आणि बोक या दोन डॉक्टरांनी 1847 साली रोग्यांच्या मज्जातंतूंत होणारा बिघाड लिहून ठेवला. त्याच गावात 1873 साली हॅन्सन या डॉक्टरला कुष्ठरोगाचे जंतू दिसले. पापाचा हिशेब तिथेच संपायला हवा होता.

हा जंतू अंगाच्या थंड भागात वाढतो आणि कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत शिरतो. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तिथे एक मज्जातंतू अगदी वरून जातो. कुष्ठरोगात तो हमखास सापडतो. मग त्याची तिन्ही कामं बिघडतात. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. बोटं आत वळू लागतात. घाम थांबतो, कातडी कोरडी पडते आणि भेगा पडतात.

पण बोटं झडतात, त्याचं काय? याचं उत्तर आपल्याच देशात मिळालं. डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक 1946 साली तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. एकदा त्यांना एका खोलीचं गंजलेलं कुलूप उघडेना. एका कुष्ठरोगी मुलाने किल्ली घेतली आणि सहज फिरवली. खाली रक्ताचे थेंब पडले. पाहतात तो बोट हाडापर्यंत कापलेलं, आणि मुलाला काही कळलेलं नाही. आपण जोर लावतो तेव्हा दुखू लागलं की थांबतो. त्याला थांबवणारं काही उरलंच नव्हतं.

मग ब्रँड आणि त्यांचे सहकारी रोग्यांच्या रोजच्या जखमांचा माग काढू लागले. कुणी निखाऱ्यात हात घातलेला, कुणी खिळा टोचलेल्या पायाने दिवसभर चाललेला. काही जणांचं बोट रात्रीत कमी झालेलं असायचं. पहारा ठेवल्यावर कळलं, की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणूस जागा होत नव्हता. त्यानंतर रोग्यांना सोबत मांजर देऊ लागले. मांस आपोआप झडत नव्हतं. न दुखणाऱ्या जखमा होत होत्या, चिघळत होत्या आणि हाडापर्यंत जात होत्या.

ब्रँड यांनी आणखी एक पाहिलं. तळहाताचे बारीक स्नायू लुळे पडले तरी हाताच्या वरच्या भागातले चांगले राहतात. मग त्या चांगल्या स्नायूची दोरी बोटांकडे वळवून त्यांनी आखडलेले हात उघडले. पण हात सुधारले, तसं भीक मिळणंही बंद झालं, कारण दया येण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा त्यांनी कामधंदा शिकवायची सोय केली, आणि रोज हात तपासायची सवय लावली.

आपल्या महाराष्ट्रातही या रोग्यांना माणूस म्हणून जवळ करणारे झाले. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींची स्वतः शुश्रूषा करत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीत तपोवनला शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताई यांनी घरं उभी केली. आनंदवनात रोगी शेती करतात, कापड विणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सांगितली. आज हा रोग 6 किंवा 12 महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरीही 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, आणि इतर धर्मांच्या कायद्यांतही होतं. ते काढून टाकायला 2019 साल उजाडलं. औषध आल्यानंतर 38 वर्षं! आता कुणी सुनेला या रोगावरून सोडचिठ्ठीची धमकी दिली, तर तिला सांगा, कायद्यात ते कारण राहिलेलं नाही.

आजही जगातल्या नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून जास्त आपल्या देशात सापडतात. म्हणून लक्षात ठेवा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही, तर डोळे मिटून दुसरीला कापसाने हलकेच स्पर्श करायला सांगा. स्पर्श कळला नाही, तर आशाताईंना दाखवा. हातापायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, तेव्हाही दाखवा. गेलेला मज्जातंतू पुष्कळदा परत येत नाही, त्यामुळे उशीर परवडत नाही.

त्या ताईंच्या दंडावर चट्टा होता. दोन वर्षांपासून पदराखाली झाकलेला. दुखत नव्हता, म्हणून दाखवला नव्हता. शिवाय मुलीचं लग्न ठरायचं होतं. आशाताई त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपली, ती जाड झाली होती. गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या बैठकीत ताईंनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एकीने हळूच विचारलं, "हिचा कप वेगळा ठेवायचा का?" मी सांगितलं, हा रोग कपाने पसरत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याच्या फार दिवसांच्या निकट सहवासात तो श्वासातून पसरू शकतो, पण बहुतेकांचं शरीर त्याला दाद देत नाही, आणि गोळ्या सुरू झाल्या की पसरणं थांबतं. गटाच्या अध्यक्षा उठल्या, रोजच्याच कपात चहा ओतला आणि ताईंच्या हातात दिला. कप गरम होता, म्हणून खाली फडकं धरून दिला.

आता ताई चुलीजवळ सांडशी बांधून ठेवतात. रोज संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवून तेल लावतात आणि प्रत्येक बोट डोळ्यांनी तपासतात. जे दुखून कळत नाही, ते बघून ओळखावं लागतं. तुमच्या पुढच्या बैठकीत हिशेबानंतर पाच मिनिटं काढा आणि एकमेकींचे हात बघा.