लिंकर फ्लॅगचे दोष व त्यांचे निदान

कंपायलरने तयार केलेल्या ऑब्जेक्ट फायली आणि लायब्ररी एकत्र सांधून चालवता येईल असा प्रोग्रॅम बनवणे हे लिंकरचे काम. कोणती लायब्ररी घ्यायची, ती कुठे शोधायची आणि प्रोग्रॅम चालताना ती कुठून उचलायची, हे त्याला फ्लॅगमधून सांगितले जाते. यात काही चुकले की बहुधा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा संदेश येतो. तो वाचून लायब्ररी द्यायची राहिली असे समजून आणखी एक फ्लॅग जोडण्याची सवय सर्रास दिसते. ती बहुतेक वेळा वाया जाते, कारण फ्लॅग आधीच दिलेला असतो, चुकलेली असते ती त्याची जागा. म्हणून निदानाची सुरुवात लिंकरपर्यंत प्रत्यक्ष कोणती ओळ पोचली हे पाहण्यापासून करावी. बिल्डच्या फायलीत काय लिहिले आहे, हा त्यानंतरचा प्रश्न.

ग्नू लिंकर आज्ञेची ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो. ऑब्जेक्ट फाइल आली की ती पूर्ण घेतो आणि तिने मागितलेली पण अजून न सापडलेली नावे टिपून ठेवतो. स्टॅटिक लायब्ररी आली की तोवर टिपलेल्या नावांपुरतेच तिचे घटक उचलतो आणि पुढे सरकतो. त्या लायब्ररीकडे तो आपणहून परत येत नाही. ग्नू मेकच्या अंगभूत नियमात ‘एलडीफ्लॅग्ज’ या व्हेरिएबलमधला मजकूर ऑब्जेक्ट फायलींच्या आधी येतो आणि ‘एलडीलिब्ज’मधला नंतर. गणिती लायब्ररीचा ‘-एलएम’ फ्लॅग एलडीफ्लॅग्जमध्ये टाकला, तर कोणी काही मागण्याआधीच ती लायब्ररी येऊन जाते. मग स्पेलिंग बरोबर, लायब्ररी यंत्रावर हजर, तरीही ‘कॉस’ सापडत नाही. शंका फेडण्यासाठी केलेली छोटी चाचणीही इथे फसवते. ‘कॉस’ला थेट ०.५ असा आकडा दिला तर जीसीसी उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो, लायब्ररीची गरजच उरत नाही, आणि या यंत्रावर फ्लॅग लागत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

शेअर्ड लायब्ररींच्या बाबतीत चुकीचा क्रम वर्षानुवर्षे खपून गेला, कारण नाव घेतलेली लायब्ररी लिंकर गरज असो वा नसो नोंदवत असे. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या उबुंटू ११.१० ने ‘--ॲज-नीडेड’ हे वर्तन न सांगताच लागू केले. तोवर कोणी न मागितलेली शेअर्ड लायब्ररीही आता गाळली जाऊ लागली, आणि कोडमध्ये एक अक्षर न बदलता अनेक बिल्ड मोडले. उलट बाजूचा दाखलाही आहे. २०२१ च्या ग्लिबसी २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली. तिथे थ्रेडचा फ्लॅग विसरला तरी बिल्ड होतो, पण तीच मेकफाइल जुन्या यंत्रणेवर अडू शकते. एका यंत्रावर बिल्ड झाला एवढ्यावरून फ्लॅग बरोबर आहेत असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

यावर असा आक्षेप घेतला जातो की क्रमाचे बंधन हा जुन्या लिंकरचा दोष आहे, नवा वापरावा. एलएलव्हीएमचा एलएलडी पाहिलेल्या लायब्ररी लक्षात ठेवतो, हे खरे. ग्नू लिंकरमध्येही ‘--स्टार्ट-ग्रुप’ने लायब्ररींचा गट पुन्हा पुन्हा धुंडाळता येतो, आणि दोन स्टॅटिक लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील तर तो रास्त उपाय आहे. पण एकच नाव दोन लायब्ररींत असेल तर कोणाचे घ्यायचे हे एलएलडीतही क्रमावरच ठरते. उलट्या क्रमाची सूचना देणारा ‘--वॉर्न-बॅकरेफ्स’ फ्लॅग खुद्द एलएलडीनेच ठेवला आहे, यावरून प्रश्न संपलेला नाही हे कळते. सीमेक क्रम आपोआप सांभाळतो, हा दुसरा आक्षेप. लायब्ररी टार्गेटशी रीतसर जोडल्या तर तो सांभाळतो, पण लिंकर फ्लॅगच्या व्हेरिएबलमध्ये मजकूर म्हणून कोंबल्या तर तीच जुनी चूक होते. शिवाय सीमेक पर्यावरणातले एलडीफ्लॅग्ज पहिल्या कॉन्फिगरच्या वेळीच वाचतो आणि कॅशमध्ये ठेवतो. नंतर ते बदलून कितीही वेळा बिल्ड केला तरी जुनेच लागू राहतात.

प्रत्यक्ष ओळ पाहण्यासाठी ऑटोमेकमध्ये ‘व्ही=१’, सीमेकच्या मेकफाइलमध्ये ‘व्हर्बोस=१’ आणि निंजाला ‘-व्ही’ द्यावे. ओळ बरोबर वाटली तर लायब्ररीवर ‘एनएम’ चालवावे. नावासमोर ‘टी’ असेल तर ते फंक्शन तिथे आहे, ‘यू’ असेल तर ती लायब्ररीच ते दुसऱ्याकडे मागते आहे. हवे ते नाव सी++ च्या पद्धतीने बदललेले दिसले, तर दोष हेडरमधल्या घोषणेत असतो आणि कोणताही फ्लॅग तो दुरुस्त करत नाही. बिल्ड होऊन प्रोग्रॅम सुरूच होत नसेल, तर कॅपिटल एलने दिलेला मार्ग फक्त सांधण्यापुरता असतो हे ध्यानात घ्यावे. चालतानाचा मार्ग ‘-आरपाथ’ने वेगळा द्यावा लागतो, आणि तो नोंदला गेला का हे ‘रीडएल्फ -डी’ दाखवतो. जीसीसीमार्फत तो देताना ‘-डब्ल्यूएल’नंतरच्या स्वल्पविरामापाशी मोकळी जागा सोडू नये. सोडल्यास शेल तिथेच तुकडा पाडते आणि उरलेला भाग लिंकरचा पर्याय म्हणून पोचतच नाही.