ऑनलाइन क्लास आणि मीटिंग कंटाळवाणी होऊ नये म्हणून काय करावे?

मी कोल्हापुरात घरून काम करतो, त्यामुळे रोज दोन-तीन ऑनलाइन मीटिंग ठरलेल्याच. एकजण बोलतो, बाकीचे म्यूट. ऑनलाइन क्लासचंही तेच. यावर फिल्टर किंवा बॅकग्राउंड बदलून फारसा फरक पडत नाही. समोरच्याला दर पाच-सात मिनिटांनी काहीतरी करायला दिलं, तरच तो जागा राहतो.

आधी डेटाचा हिशोब

झूमवर दोघांच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला एका दिशेने सेकंदाला साधारण ६०० किलोबिट लागतात, म्हणजे तासाला २७० एमबी. नुसत्या आवाजाला ८० किलोबिट धरले, तर तासाला फक्त ३६ एमबी. गगनबावडा, राधानगरीकडच्या वाडीत रेंज कमी असलेला मुलगा कॅमेरा बंद ठेवतो, याचा अर्थ त्याचं लक्ष नाही असा होत नाही. म्हणून कॅमेऱ्याची सक्ती नको. कॅमेऱ्याशिवाय भाग घेता येईल असंच काम द्या.

हे करून बघा

१. एकदम उत्तर: प्रश्न विचारा, सगळ्यांना चॅटमध्ये उत्तर टाइप करायला सांगा, पण "पाठवा" म्हटल्यावरच पाठवायचं. कॉपी होत नाही आणि लाजरी मुलंही बोलती होतात.

२. छोटे गट: झूमच्या ब्रेकआउट रूममध्ये चार-चार जण आणि पाच मिनिटं. प्रत्येक गटाकडून एकच उत्तर घ्या.

३. व्हॉट्सअॅप पोल: नेट अडखळत असेल तरी चालतो.

४. घरबसल्या सहल: सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणि व्हिडिओ कॉलवरून दूरच्या मुलांशी जोडलेले वर्ग ही त्यांची ओळख. आपल्याकडे तर हंगामात गुऱ्हाळं असतातच. तिथून मोबाइलवर लाइव्ह दाखवा आणि विचारा: काहिलीतला रस घट्ट का होतो? बाष्पीभवनाचा धडा कायमचा लक्षात राहील.

वेळेचं गणित

फ्री खात्यावर झूमची मीटिंग ४० मिनिटांत संपते. गुगल मीटवर तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं मिळतात. ही मर्यादा सोयीचीच समजा: ३० मिनिटं शिकवा, १० मिनिटं मुलांना बोलू द्या.

उद्याच्या क्लासला यातली एकच गोष्ट वापरा. पहिली सगळ्यात सोपी आहे आणि तिला खर्चही नाही.