‘कोरियन आवृत्ती प्रमाणित’ : तळटीप

१४. येथे अभिप्रेत आहे ती ‘फूट फंक्शन इंडेक्स’ ही प्रश्नावली. १९९१ साली अमेरिकेत ती संधिवाताच्या रुग्णांसाठी तयार झाली. वेदना, असमर्थता आणि हालचालींवरील मर्यादा अशा तीन भागांत २३ प्रश्न. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. लेखकाने ‘प्रमाणित झाली’ एवढ्यावर विषय आटोपला आहे. वास्तविक कोरियन मजकूर पुन्हा इंग्रजीत उलटवून मुळाशी ताडून पाहणे ही केवळ सुरुवात. खरी कसोटी रुग्णांसमोर लागते: दुखणे तेवढेच असताना काही दिवसांनी तीच प्रश्नावली भरली, तर गुण जवळपास तेवढेच येतात का? प्रश्नांचा आपसातला मेळ ‘क्रोनबाख अल्फा’ या आकड्याने मोजतात. तो सहसा ०.७ च्या वर हवा, पण ०.९५ च्या पुढे गेला, तर एकच गोष्ट फिरवून-फिरवून विचारल्याची शंका घ्यावी. (असे आकडे अभिमानाने मिरवले जातात, ते वेगळे!) शिवाय मूळ प्रश्नावली खुर्चीतून उठतानाचा त्रास विचारते. कोरियात पादत्राणे दाराशी काढून उबदार जमिनीवर बसण्याची रीत आहे, आणि जमिनीवरून उठताना घोट्यावर पडणारा ताण वेगळाच असतो. अनवाणी चालण्याविषयीचे प्रश्न मात्र तिथे अगदी चपखल बसतात. — संपा.